तोच आणि तसाच

हैदराबादला चिक्कडपल्लीत माझे मामा राहत. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही भावंडे देगलूरहून बसने निघायचो. मामांचे घर दोन खोल्यांचे. एका अंगाला आर.टी.सी. क्रॉस रोडवरच्या सिनेमागृहांची गर्दी, दुसऱ्या अंगाला त्यागराय गानसभेची लगबग. दुपारी मुलांनी घरात धुडगूस घालू नये म्हणून मामा आम्हांला नगर केंद्रीय ग्रंथालयात नेऊन बसवीत. आज तिथे स्पर्धा परीक्षांच्या मुलामुलींना बसायला जागा पुरत नाही, आणि २०२० पासून मेट्रोही चिक्कडपल्लीला थांबते. तेव्हा मला पुस्तकांपेक्षा ओढ होती ती लाकडी खणांची. खण ओढला की सळईत ओवलेली कार्डे एकामागून एक डोके वर काढत. काही कार्डांवर पुस्तकाचे नावच नसे. ‘अमुक नावाखाली पाहा’ एवढीच सूचना असे. त्या कार्डाचा उपयोग काय, असे मी एकदा विचारले. मामा म्हणाले, “हा दुभाष्या आहे बाळ. एकाच लेखकाची दोन नावे असतात, तेव्हा हा सांगतो की तो तोच. आणि एकाच नावाचे दोन लेखक असतात, तेव्हा सांगतो की तो तसाच दिसतो, पण तो नव्हे. यात चूक झाली की वाचक भलत्याच कपाटाशी जाऊन उभा राहतो.”

मामांचे ते वाक्य मला पुढे फार वर्षांनी, फार वेगळ्या संदर्भात आठवले. एका कचेरीतील संगणकाने दुसऱ्या कचेरीतील संगणकाला मध्ये माणूस न घालता प्रश्न विचारावा, उत्तर घ्यावे आणि काम उरकून टाकावे, ही कल्पना आता कोणाला नवलाची वाटत नाही. अशा कामाला लावलेल्या प्रोग्रामला इंग्रजीत एजंट म्हणतात. आपल्याकडे निजामी कचेऱ्यांत रुळलेला मुखत्यार हा शब्द त्याला अधिक शोभतो, कारण तो आपल्या वतीने बोलतो आणि सहीही करतो. दोन मुखत्यारांनी एकमेकांचा शब्द कळून घ्यावा, यासाठी गेली पंचवीस-तीस वर्षे जगभर जो खटाटोप चालला आहे त्याचा हा थोडासा इतिहास. तो हैदराबादच्या अंगाने सांगणे मला सोयीचे आहे, आणि थोडे हक्काचेही.

खणांतल्या कार्डांपासूनच सुरुवात करू. शियाळी रामामृत रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३३ साली त्यांनी आपली कोलन वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध केली. तोवरची पद्धत अशी की जगातील सगळ्या विषयांची आधीच एक लांबलचक यादी करायची आणि येणारे पुस्तक तिच्यातल्या एका घरात कोंबायचे. रंगनाथन यांनी विषयाचे तुकडे केले. ज्वारी, तिच्यावरचा रोग, त्या रोगावरचा उपाय, प्रदेश मराठवाडा, काळ १९५० नंतरचा. प्रत्येक तुकड्याला खूण द्यायची आणि ठरलेल्या विरामचिन्हांनी त्या खुणा जोडायच्या. पुस्तकाची भाषा न जाणणाराही मग त्या खुणांवरून त्याची जागा सांगू शकतो. पुढे १९६२ साली त्यांनी बंगलोरला प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे केले. संगणकाला अर्थ शिकवू पाहणाऱ्या मंडळींना पुढे नेमके हेच करावे लागले. त्यांतल्या पुष्कळांना आपल्याआधी मद्रासच्या एका ग्रंथपालाने ही वाट मळली आहे याचा पत्ता नव्हता.

दुसरा धागा खास हैदराबादचा आहे. उस्मानिया विद्यापीठात सर्व विषय उर्दूतून शिकवायचे ठरले तेव्हा पुस्तकेच नव्हती. म्हणून १९१७ साली दारुल तर्जुमा, म्हणजे भाषांतरखाते, निघाले. त्याची धुरा मौलवी अब्दुल हक यांच्याकडे आली. औरंगाबादच्या जुन्या मंडळींना हे नाव सांगायला नको; उर्दूच्या प्रसारासाठी झटणाऱ्या अंजुमनचे काम ते तिथूनच पाहत. भाषांतर करायचे म्हणजे आधी परिभाषा ठरवायची. त्यासाठी विषय जाणणारे आणि भाषा जाणणारे एकत्र बसत, आणि एकेका शब्दावर वाद होत. शब्द अरबी-फारसीतून घडवावे की देशी धातूही चालवावे? वहीदुद्दीन सलीम यांनी १९२१ साली परिभाषानिर्मितीवर ग्रंथच लिहिला आणि देशी घटकांची बाजू घेतली. (आपल्याकडे शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला, त्याचा ओघ फारसीकडून संस्कृतकडे होता, पण खटाटोप त्याच जातीचा.) १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर उस्मानियातले उर्दू माध्यम गेले आणि ते खातेही गेले. परंतु त्यातून एक गोष्ट लक्षात राहावी. शब्दाचा अर्थ शब्दाला आपोआप चिकटत नाही. कोणीतरी एका खोलीत बसून, भांडून, तो ठरवावा लागतो. आणि ठरवल्यानंतर तो मानणारे लोक लागतात.

मानणारे लोक हुकुमाने मिळतात तिथे काम किती सोपे होते, याचे उदाहरण चिक्कडपल्लीहून सिटी बसच्या अंतरावर आहे. रेल्वेचे आरक्षण संगणकावर आले ते आधी दिल्लीला, १९८५-८६ मध्ये. मग मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि सिकंदराबाद. पण ही पाच केंद्रे म्हणजे पाच स्वतंत्र बेटे होती. सिकंदराबादच्या खिडकीवर मुंबईहून परतीची जागा मागितली तर कारकुनाला जुन्याच वाटेने तिकडे निरोप धाडावा लागे, आणि जागा मिळाली की नाही हे मुंबईत उतरल्यावर कळे. मामांनी अशा प्रवासात रात्रभर ट्रंकेवर बसून काढलेली आहे. रेल्वेच्याच ‘क्रिस’ या संस्थेने या बेटांना जोडणारी नवी प्रणाली तयार केली. तिचे नाव कॉन्सर्ट, आणि ती पहिल्यांदा बसली ती सिकंदराबादला, १९९४ च्या सप्टेंबरात. १९९९ च्या एप्रिलपर्यंत पाचही केंद्रे एका सूत्रात आली. तेव्हापासून सिकंदराबादचे यंत्र मुंबईच्या यंत्राला जागा विचारू लागले, ते उत्तर देऊ लागले, आणि मधला निरोप्या सुटला.

हे साधले, कारण रेल्वेत शब्दांवर वाद नव्हता. एन.ई.डी. म्हणजे नांदेड, के.सी.जी. म्हणजे काचीगुडा. प्रतीक्षायादी म्हणजे काय, आर.ए.सी. म्हणजे काय, हे सगळ्या केंद्रांना एकाच पुस्तकाने सांगितले होते. मालक एक, कोश एक. पाच यंत्रे बोलत होती ती एकाच घरची.

खरी अडचण वेगवेगळ्या घरच्या यंत्रांची.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत वर्ल्ड वाईड वेबची कल्पना मांडली. त्या जाळ्यावरची पाने माणसांनी वाचायची होती. यंत्राच्या दृष्टीने ती नुसती अक्षरे. २००१ च्या मे महिन्यात बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला या तिघांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात एक लेख लिहिला. यंत्रांनाही उमगेल असे अर्थाचे जाळे विणावे, असा त्याचा आशय. त्याला त्यांनी सिमँटिक वेब म्हटले. लेखाची सुरुवात शास्त्राने होत नाही, एका घरातल्या अडचणीने होते. आईला व्यायामोपचार घ्यायचे आहेत. तिला नेणे-आणणे भाऊ-बहिणीने वाटून घ्यायचे आहे. मुलीचा मुखत्यार-प्रोग्राम डॉक्टरांच्या प्रोग्रामकडून उपचार कोणते ते विचारतो, विम्यात बसणारे आणि घराजवळचे उपचारक शोधतो, त्यांच्या मोकळ्या वेळा आणि मुलांच्या मोकळ्या वेळा जुळवतो, आणि थोड्याच वेळात बेत समोर ठेवतो. मी हा लेख बऱ्याच उशिरा वाचला. वाचताना मनात आले, की हा प्रश्न आमच्याही घरचा आहे. आई चिक्कडपल्लीत, मुलगा पुण्यात, मुलगी न्यू जर्सीत.

हे व्हायचे कसे? पहिली पायरी वाक्याची. प्रत्येक माहिती तीन तुकड्यांत लिहायची: देगलूर, ज्या जिल्ह्यात आहे, तो नांदेड. या रीतीला आर.डी.एफ. म्हणतात, ती १९९९ साली प्रमाण ठरली. तीनही तुकड्यांना जाळ्यावरचा एकेक कायम पत्ता द्यायचा, म्हणजे घोटाळा नको. औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे. पत्ते दोन असले की दोन्ही औरंगाबादे आपापल्या जागी राहतात, आणि आपले औरंगाबाद २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले तरी पत्ता बदलत नाही; फक्त त्याच्यावरची पाटी बदलते. दुसरी पायरी नात्यांची. आईचा भाऊ तो मामा, एवढे एकदा सांगून ठेवले की कोण कोणाचा मामा हे यंत्र स्वतःच काढते. अशा संज्ञांच्या आणि नियमांच्या कोशाला ऑन्टॉलॉजी म्हणतात. तो लिहिण्याची आउल नावाची भाषा २००४ मध्ये प्रमाण झाली. तिसरी पायरी कामाची. एखादी सेवा काय देते, ती कशी चालते, आणि तिच्याशी बोलायचे कसे, या तिन्ही गोष्टी अर्थासह लिहून ठेवायच्या. सेवेला आधी काय पुरवावे लागते आणि काम झाल्यावर जगात काय बदलते, हेही त्यात आले. म्हणजे अनोळखी मुखत्यार आला तरी वाचून समजेल, आणि दोन-तीन सेवा जोडून मोठे काम करील.

कागदावर हे फार देखणे होते. त्याच सुमारास मोठ्या कंपन्यांनी सेवांची एक सार्वजनिक पाटीही उघडली. धंद्याने तिथे आपले वर्णन टांगावे आणि यंत्रांनी शोधत यावे, असा बेत. आय.बी.एम., मायक्रोसॉफ्ट यांसारख्यांनी चालविलेली ती सामायिक नोंदवही २००० मध्ये निघाली आणि २००६ च्या जानेवारीत मिटली. अर्थासह सेवा लिहिण्याच्या रीतींवर प्रबंधांचे ढीग झाले, पण बाजारात त्या आल्याच नाहीत म्हटले तरी चालेल. कारणे अनेक सांगतात. मला त्यांतले एकच मुख्य वाटते: वर्णन लिहिण्याचे कष्ट एकाने करायचे आणि फायदा दुसऱ्याने घ्यायचा, असा तो व्यवहार होता. उस्मानियात शब्द ठरवणाऱ्याला पगार होता. रेल्वेत शब्द मानणे ही नोकरीची अट होती. इथे दोन्ही नव्हते.

२०११ मध्ये ही सगळी मंडळी हैदराबादलाच आली. वर्ल्ड वाईड वेबची विसावी आंतरराष्ट्रीय परिषद २८ मार्च ते १ एप्रिल या काळात तिथे भरली. भारतात ती प्रथमच भरत होती. स्वतः बर्नर्स-ली आले होते. तोवर स्वप्नाचा आवाका कमी झाला होता. मुखत्यारांनी आपोआप कामे उरकण्याऐवजी निदान माहितीचे साठे एकमेकांना जोडावे, यावर भर आला होता. साठे जोडण्यासाठी आउलमध्ये ‘हे आणि ते एकच’ असे सांगणारी खूण आहे. लोकांनी ती सढळ हाताने वापरली, आणि २०१० च्याच सुमारास अभ्यासकांच्या लक्षात आले की ज्या वस्तू नुसत्या सारख्या आहेत त्यांनाही ही खूण लागली आहे. यंत्र मात्र ती शब्दशः घेते: एकाबद्दल जे खरे ते दुसऱ्याबद्दलही खरे. मामांच्या भाषेत सांगायचे तर ‘तसाच’ होता त्याला ‘तोच’ म्हटले गेले, आणि वाचक भलत्या कपाटाशी गेला. त्या परिषदेनंतर दोनच महिन्यांनी, जूनमध्ये, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू यांनी मिळून स्कीमा नावाचा एक साधा शब्दसंग्रह काढला. दुकान, पाककृती, कार्यक्रम अशा रोजच्या संज्ञा. तो मात्र चालला, कारण पानावर त्या खुणा घातल्या की शोधात पान नीट दिसते, आणि कष्ट करणाऱ्यालाच फायदा मिळतो.

हा घोटाळा इतरांपेक्षा आपल्याला, म्हणजे सीमेवरच्या घरांना, लवकर कळायला हवा. १९५६ साली हैदराबाद राज्य मोडले. आदिलाबादचे किनवट नांदेडात आले, बिदर जिल्ह्यातले उदगीर मराठवाड्यात आले, बिदर कर्नाटकात गेले. तोवर एकाच पद्धतीने लिहिली जाणारी जमिनीची नोंद तीन राज्यांत तीन वळणांनी गेली. आमच्याकडे ती सातबारा झाली, हेक्टर-आरमध्ये. तेलंगणात आणि कर्नाटकात पहाणी, एकर-गुंठ्यांत. जुन्या पेटीतून १९५४-५५ ची खासरा पहाणी निघाली तर ती तिन्हीकडच्या वकिलांना कळते. पण यंत्राला कोणी ‘सातबारा आणि पहाणी एकच’ असे सांगून टाकले तर? रकाने वेगळे, हक्काच्या नोंदी वेगळ्या, बदलाची रीत वेगळी. तशाच आहेत, त्याच नव्हेत.

शब्दांचे तर विचारूच नका. प्रपंच म्हणजे आपला संसार. तेलुगूत प्रपंचम् म्हणजे सारे जग. अनुमान आपल्याकडे तर्क, तेलुगूत संशय. अवसर हिंदीत संधी, तेलुगूत गरज, कन्नडात घाई. तेलुगूतली अत्ता म्हणजे वडिलांची बहीणही आणि सासूही. याला आपण हसायचे कारण नाही. आपल्याही खेड्यांत सून सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणते. म्हणजे मघाचा ‘आईचा भाऊ तो मामा’ हा नियम आमच्याच वाड्यात लटका पडला. चिक्कडपल्लीतल्या पोरांना हे सारे अर्थ न शिकवता येतात; कोणत्या दारात कोणता अर्थ चालतो ते त्यांना कळते.

आता मामीची गोष्ट सांगतो.

२०१८ मध्ये मामा गेले. मामीला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झाले. दोनेक वर्षे नीट आले, मग एका महिन्यात थांबले. चौकशीला गेलो तेव्हा कळले की दोन कचेऱ्यांचे संगणक आता परस्पर नावे ताडून पाहतात, आणि मामीचे नाव जुळत नाही. तिचे नाव एका ठिकाणी मराठी रिवाजाने चढले होते: आधी तिचे, मग मामांचे, शेवटी आडनाव. दुसऱ्या ठिकाणी ते तेलुगू रिवाजाने चढले होते. तेलुगूत घराण्याचे नाव आधी येते. तिथल्या ऑपरेटरने आडनाव पुढे आणले हे ठीकच. पण मग उरलेल्या दोहोंतले कोणते तिचे, याचा त्याने अंदाज केला आणि मामांचे नाव तिचे म्हणून टाकले. दोन्ही नोंदी आपापल्या जागी शुद्ध. यंत्रांनी त्या एकमेकींशी लावून पाहिल्या आणि निर्णय दिला, की या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. कोणा माणसाने तो निर्णय दिला नव्हता, त्यामुळे भांडायचे कोणाशी हेही कळेना. एका खिडकीवर सांगत, आमच्याकडे नोंद बरोबर आहे, तिकडे जा. तिकडेही तेच. अकरा महिने मामी आमच्या पाठवणीवर राहिली. तिला पैशांपेक्षा एकच गोष्ट लागली होती. “मी ती नाही म्हणतात रे,” असे ती प्रत्येक फोनवर म्हणायची.

वकिलाने शेवटी एक कागद करायला सांगितला. दोन नावांची व्यक्ती एकच आहे, असे प्रतिज्ञापत्र. आपल्या सगळ्या कचेऱ्यांत ते चालते, आणि त्याचा मजकूर वर्षानुवर्षे ठरलेला आहे. तो घेऊन गेलो तेव्हा खिडकीत निवृत्तीला टेकलेला एक कारकून होता. त्याने दोन्ही नोंदींच्या छापील प्रती शेजारी शेजारी ठेवल्या, चष्मा वर केला आणि दखनीत मामीला विचारले, “अम्मा, घर का नाम कौनसा, और साब का कौनसा?” तिने सांगितले. तो हसला. मराठीवाले आडनाव मागे नेतात आणि आम्ही पुढे आणतो, एवढेच म्हणाला, आणि रकाना दुरुस्त करायचा अर्ज त्याने स्वतःच भरला.

सध्या पुन्हा मुखत्यारांची चर्चा आहे. मोठ्या भाषा-प्रतिमानांवर चालणारे नवे एजंट आले आहेत. त्यांनी बाहेरच्या साधनांशी कसे बोलावे याची एक रीत २०२४ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाली. एजंटांनी आपसांत कसे बोलावे याची दुसरी २०२५ च्या एप्रिलात. हे नवे मुखत्यार आधी ठरवलेला कोश मागत नाहीत. संदर्भावरून अर्थाचा अदमास घेतात. त्या ऑपरेटरनेही अदमासच घेतला होता.

मामीचे वेतन थकबाकीसह आले. दर महिन्याला पैसे जमा झाले की तिच्या मोबाइलवर संदेश येतो. कुठल्या तरी एका यंत्रात जुनी नोंद अजून तशीच राहिली असावी, कारण संदेशात ‘प्रिय’ लिहून पुढे मामांचेच नाव असते. ते दुरुस्त करून घेऊ, असे मी म्हटले, तर मामीने नको म्हणून सांगितले. ते संदेश ती पुसत नाही.